सोफ्यामागच्या भिंतीसाठी भौमितिक प्रिंट घ्यायची आहे, फ्रेमसकट. काय काय बघू?

तिरकी_रेघ :
तीन वर्षं झाली, बैठकीच्या खोलीत सोफ्यामागची भिंत बघून आम्ही "इथे काहीतरी लावायला हवं" म्हणतो आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घालतो. यंदा मनावर घेतलंय. देखावे नकोत, फुलं नकोत, धावणारे घोडे तर मुळीच नकोत. भौमितिक अमूर्त हवंय. अर्धवर्तुळं, आडव्या पट्ट्या, एखादा त्रिकोण. रंग मातकट लाल, गडद निळा, मोहरीसारखा पिवळा.

काल रात्री चाळीस टॅब उघडून बसले होते, शेवटी सगळे बंद करून झोपले. एकच चित्र एकीकडे 'पोस्टर', दुसरीकडे 'फाइन आर्ट प्रिंट', तिसरीकडे 'जिक्ले', आणि किमतीत चौपट फरक. काच की अ‍ॅक्रिलिक, तयार फ्रेम की करून घ्यायची, आत ती पांढरी पट्टी (माउंट) हवीच का, काही कळेना. सोफा २१० सेंमी लांब, भिंत फिकी राखाडी, समोर मोठी खिडकी.

नवऱ्याचं म्हणणं, "यात काय एवढं? कंपास दे, रविवारी काढून देतो." जाणकारांनी प्रकाश टाकावा. चित्रावर आणि नवऱ्यावरही.

मधली_सुट्टी :
काढू द्या की त्यांना! मीही असंच म्हटलं होतं. चार रंग, सहा काळ्या रेघा, त्यात काय. मास्किंग टेप लावली, काळा रंग फासला, टेप ओढली, आणि प्रत्येक रेघेला केसाळ सुरवंटासारख्या कडा! टेपखालून रंग घुसला होता. पुढे कळलं की टेप लावल्यावर आधी तिच्या कडेवरून खालच्याच रंगाचा, म्हणजे माझ्या बाबतीत पांढऱ्याचा, एक हात द्यायचा. जी काही फट असते ती पांढऱ्यानेच बुजते, मग वरून काळा. हे कळायला सहा रविवार गेले. चित्र आता माळ्यावर आहे. पण तेव्हापासून कुठलंही असलं चित्र दिसलं की मी आधी कडा बघते.

आळसोबा :
वाचतोय. आमचीही एक भिंत रिकामी आहे, पण ती तशीच बरी दिसते असं पाच वर्षांनी ठरलंय.

पाव_इंच :
मी व्यावसायिक फ्रेमवाला नाही, पण बारा वर्षं हौसेने घरीच फ्रेमा करतो, त्यामुळे चुकांचा अनुभव दांडगा. एवढं सांगतो, भौमितिक चित्रासारखं चुगलखोर चित्र दुसरं नाही. समुद्राच्या चित्राला माउंट दोन मिलिमीटर तिरका कापला गेला तरी लाटांमध्ये खपून जातं. इथे चित्रातली पट्टी आणि माउंटची कड शेजारीशेजारी धावत असतात. एका टोकाला ४ मिमी आणि दुसऱ्या टोकाला ६ अशी पाचर झाली, की मग आयुष्यभर चित्र दिसतच नाही, ती पाचर दिसते.

म्हणून चित्र निवडतानाच आकार कागदाच्या कडेपर्यंत जातात का ते बघा. माउंट प्रत्येक बाजूने ३ ते ५ मिमी कागद दाबतो. कडेची लाल पट्टी मुळात १५ मिमी असेल तर ती ११ची होते, आणि वरची-खालची सारखी कापली जाईल याची खात्री नसते. त्यापेक्षा चारी बाजूंनी कोरा कागद सोडलेली प्रिंट घ्या आणि माउंटची खिडकी चित्रापेक्षा थोडी मोठी कापायला सांगा, म्हणजे चित्राभोवती सेंटिमीटरभर कागद दिसत राहील. थोडंफार कमीजास्त झालं तर त्या मोकळ्या जागेत जिरतं.

माउंट हवाच का? काचेखाली हवाच, निदान आत लपलेली पट्टी तरी. कागद हवेतली ओल घेतो, फुगतो, आणि काचेला टेकला असेल तर चिकटतो. मग शाई काचेवर राहते आणि कागद हातात येतो. माउंट आणि मागचा बोर्ड दोन्ही आम्लरहित मागा. साध्या माउंटने काही वर्षांत खिडकीच्या कडेने तपकिरी रेघ उमटते. तुमच्या चित्रात नसलेली एक रेघ फुकट मिळते.

मापाचं म्हणाल तर फर्निचरच्या साधारण दोनतृतीयांश रुंदी असं सांगतात, म्हणजे तुमच्याकडे १४० सेंमी. पण विकणारा सांगतो ते माप प्रिंटचं की फ्रेमच्या बाहेरचं, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. ७० × १०० ची प्रिंट माउंट-फ्रेमसकट सहज ९० × १२० होते.

निळी_शाई :
छपाईत आहे, म्हणून तेवढंच बोलते.

'जिक्ले' म्हणजे इंकजेटच. १९९१च्या सुमारास जॅक डुगान या मुद्रकाने हा शब्द रुळवला, फ्रेंचमधल्या फवाऱ्याच्या शब्दावरून. या नावावर कुणाचा पहारा नाही, कोणीही लावू शकतं. त्यामुळे नावाला भुलू नका, दोन गोष्टी विचारा. शाई पिगमेंट (बारीक रंगकणांची) आहे की डाय (विरघळलेल्या रंगाची)? पिगमेंट उजेडात कितीतरी जास्त टिकते. आणि कागद कुठला, किती जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम? शंभर टक्के सुती, आम्लरहित, दोनशेच्या वर असेल तर उत्तम. विक्रेत्याला ही उत्तरं देता आली नाहीत तर ते पोस्टर आहे असं समजा. पोस्टर घेण्यातही काही वाईट नाही, पण मग पोस्टरचेच पैसे द्या.

काही कागद भलतेच पांढरेशुभ्र दिसतात, ते त्यातल्या चकाकी आणणाऱ्या रसायनामुळे. अतिनील टॉर्च मारला की निळे चमकतात. त्यांची ती शुभ्रता वर्षागणिक ओसरते. फोटोत हे जाणवायला वेळ लागतो. तुम्ही घेताय त्या चित्रात अर्धा भाग कोरा पांढरा असला तर मात्र लगेच.

भौमितिक प्रिंटमध्ये खरी परीक्षा सपाट रंगाची. मोठा निळा चौकोन छापताना प्रिंटरचं डोकं नीट नसेल तर आडवे पट्टे दिसतात. झाडाझुडपांत ते लपतात, इथे उघडे पडतात. दुसरी परीक्षा वर्तुळाच्या कडेची. फाइल वेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी गणिताने आखलेली, असेल तर कितीही मोठी करा, कड धारदार राहते. फोटोसारखी फाइल असेल तर ५० × ७० सेंमीला इंचाला ३०० ठिपक्यांच्या घनतेने ५९०६ × ८२६८ पिक्सेल लागतात. त्याच्या निम्म्या घनतेचंही दुरून चालून जातं, पण त्याखाली गेलात की वर्तुळाला पायऱ्या पडतात.

आणि स्क्रीनवर दिसणारा निळा विसरा. तिथे मागून दिवा असतो, कागदावर नसतो. प्रिंट नेहमी जरा दबलेलीच वाटणार. छोटा नमुना मागवून त्याच भिंतीवर चिकटवा, दिवसा बघा आणि रात्री पिवळ्या दिव्यातही बघा. तुमचा गडद निळा रात्री काळा झाला तर?

तिरकी_रेघ :
दोघांनाही दंडवत! कागदाच्या शुभ्रतेचं तर डोक्यातही आलं नसतं. एक उपप्रश्न. मोंद्रियन आणि कँडिन्स्की या जुन्या अमूर्त चित्रकारांच्या प्रिंट सगळीकडे दिसतात. त्या चालतील का? की 'सगळ्यांकडे असतं ते' होईल?

कानामात्रा :
चालतील की. दोघेही १९४४ मध्ये गेले, त्यामुळे बऱ्याच देशांत त्यांच्या चित्रांवरचा स्वामित्वहक्क संपलाय, म्हणून तर कोणीही छापतंय. चौकोनांची चित्रं काढणारे जोसेफ अल्बर्स १९७६ मध्ये गेले, आपले रझा २०१६ मध्ये. त्यांची प्रिंट कुठे स्वस्तात दिसली तर परवानगीने छापलीय का ते बघा.

पण मोंद्रियनमध्ये एक मेख आहे. बाजारातल्या कित्येक प्रिंट त्याच्या चित्राचा फोटो नसून संगणकावर पुन्हा आखलेल्या आवृत्त्या असतात. सगळा पांढरा एकच, सगळ्या रेघा कडेपर्यंत. मूळ चित्रांत काही रेघा कडेच्या जरा आधीच थांबतात, आणि पांढरे भाग तर एकमेकांशी जुळतच नाहीत. एक निळसर, एक राखाडी, कुठे ब्रश आडवा फिरलेला, कुठे उभा. ते गाळलं की उरतो फरशीचा नमुना. मालेविच या चित्रकाराचा १९१५ चा काळा चौरसही नीट मोजला तर तंतोतंत चौरस नाही, आणि आता त्याला बारीक भेगाही पडल्यात. पाव_इंच यांचा मिलिमीटरचा हट्ट फ्रेमसाठी मान्य, पण चित्राच्या आत हाताची चूक असणं हेच त्या चित्राचं सुख आहे.

शिवाय मोंद्रियन स्वतः चित्र फ्रेमच्या आत बसवायच्या विरुद्ध होता. तो कॅनव्हास पट्टीच्या पुढे आणून लावायचा, म्हणजे चित्र खिडकीतून बघितल्यासारखं न वाटता भिंतीवर पुढे येतं. त्याच्या चित्राला आपण सोनेरी नक्षीची फ्रेम आणि चार इंची माउंट घालतो, याची गंमत वाटते.

अवांतर: एवढे पैसे घालणारच असाल तर हयात चित्रकाराची स्क्रीनप्रिंट का बघत नाही?

पाव_इंच :
कानामात्रा, हाताची चूक वेगळी आणि फ्रेमवाल्याची वेगळी हो. मालेविचने माझ्याकडे माउंट कापायला दिला असता तर मी काटकोन तपासायचा गुण्याच लावला असता. (कृपया हलके घ्या.)

निळी_शाई :
स्क्रीनप्रिंटला जोरदार अनुमोदन. सपाट रंगाच्या चित्रासाठी याहून चांगली छपाई नाही. प्रत्येक रंगाची वेगळी जाळी, एकेक रंग रबराच्या पट्टीने ओढायचा, सुकवायचा, मग पुढचा. भिंगातून बघितलं तर साध्या ऑफसेट पोस्टरच्या निळ्यात चार रंगांच्या ठिपक्यांची रांगोळी दिसते, स्क्रीनप्रिंटच्या निळ्यात फक्त निळा. शाईचा थर कागदावर किंचित उठून असतो. तिरका उजेड टाकला की कळतं. रिले, वासारेली, अल्बर्स, या भौमितिक चित्रकारांनी सगळ्यांनी याच तंत्रात प्रती काढल्या. खाली पेन्सिलने १७/४० असं लिहिलेलं असेल तर चाळीसमधली सतरावी प्रत. ती इतर प्रतींपेक्षा चांगली किंवा वाईट असं नसतं, पण एकूण संख्या महत्त्वाची. 'लिमिटेड एडिशन' म्हणून पाच हजार प्रती काढणारेही आहेत.

खिडकीपाशी :
एक भर घालतो. हल्ली ऑनलाइन यंत्राकडून बनवून घेतलेली चित्रं ढिगाने असतात. भौमितिक चित्रात ती पकडणं सोपं. मोठं करून बघा. वर्तुळ गोल नसतं, दोन रेघा जिथे भेटायला हव्यात तिथे धुरकट गाठ असते, एकच पट्टी मध्येच जाड होते. आणि कागदाचा पोत चित्रातच छापलेला असतो, म्हणजे सुती कागदाचा फोटो, गुळगुळीत कागदावर!

तिरकी_रेघ :
अपडेट. धीर धरवला नाही, सेलमध्ये ७० × १०० ची एक तयार फ्रेम केलेली प्रिंट मागवून बसले. (कुठून ते सांगत नाही, कारण पुढे वाचा.)

खोका उघडला, आडवी ठेवली, आणि चित्र धुक्यातून बघितल्यासारखं. मी तावातावाने तक्रार लिहायला घेतली. तेवढ्यात मुलीने कोपरा नखाने खरवडला आणि अख्खी फिल्म सर्रकन सोलली. अ‍ॅक्रिलिकवर संरक्षक फिल्म असते हे मला ठाऊक नव्हतं. सोलल्या सोलल्या त्याने घरातली धूळ आणि मांजराचे केस असे ओढून घेतले की विचारू नका.

पण खरी गंमत पुढे. पाव_इंच, तुमची पाचर! मोजपट्टी लावली. डावीकडे माउंट ६२ मिमी, उजवीकडे ६६. वरची निळी पट्टी डावीकडून उजवीकडे बारीक होत गेलेली. घरात कुणालाच आधी दिसलं नव्हतं. मी दाखवल्यावर आता कुणालाच दुसरं काही दिसत नाही. शिवाय मागे दोन विरुद्ध बाजूंना कड्या, वर कुठलं काही लिहिलेलं नाही. मुलगी म्हणते उलटी छान दिसते. परत पाठवतेय.

कानामात्रा :
मुलीला सांगा, ती चांगल्या संगतीत आहे. मोंद्रियनचं 'न्यूयॉर्क सिटी वन' हे १९४१ चं रंगीत टेपचं चित्र कित्येक दशकं उलटं टांगलेलं असल्याचं २०२२ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयातल्या क्युरेटरबाईंच्या लक्षात आलं. त्याच्या स्टुडिओतल्या १९४४ च्या फोटोत ते दुसऱ्या बाजूने उभं आहे. तरी संग्रहालयाने ते फिरवलं नाही, कारण जुन्या टेप गळून पडायची भीती. आणि कँडिन्स्कीने तर लिहून ठेवलंय की संध्याकाळी स्टुडिओत शिरताना एक अपूर्व सुंदर चित्र दिसलं, विषय कळेना, जवळ जाऊन बघतो तर स्वतःचंच, आडवं ठेवलेलं.

मधली_सुट्टी :
अ‍ॅक्रिलिक कोरड्या फडक्याने अजिबात पुसू नका. जितकं घासाल तितकी धूळ ओढतं, वर ओरखडे. ओलसर मऊ मायक्रोफायबर, तेही हलक्या हाताने.

पाव_इंच :
पाचरीबद्दल वाईट वाटलं आणि जरासा आनंदही झाला, खोटं कशाला बोलू.

काच-अ‍ॅक्रिलिकचा हिशोब सांगतो. २ मिमी काच एका चौरस मीटरला ५ किलो भरते, तेवढंच अ‍ॅक्रिलिक सुमारे २.४. सोफ्यावर, म्हणजे माणसांच्या डोक्यावर, मोठं चित्र लावायचं तर मी अ‍ॅक्रिलिकच घेईन. पण तुमच्या समोर खिडकी आहे. गडद निळ्या सपाट भागात ती खिडकी गजांसकट दिसणार. तिथे प्रतिबिंब न पडणारं, अतिनील किरण अडवणारं अ‍ॅक्रिलिक घ्या. महाग आहे. बाकी कुठेही काटकसर करा, इथे नको. दुधी, चमक घालवलेली स्वस्त काच मात्र घेऊ नका, ती कडांची सगळी धार खाते.

आणि पुढची ऑर्डर देण्याआधी जुन्या वर्तमानपत्रांचे कागद जोडून फ्रेमच्या बाहेरच्या मापाचा आयत कापा, भिंतीवर मास्किंग टेपने लावा, आणि चार दिवस राहू द्या. पाहुण्यांनी काहीही विचारू दे.

तिरकी_रेघ :
केलं. १४० सेंमी रुंदीचा कागद लावला तर खोलीत सूचनाफलक लागल्यासारखं वाटलं. १२० लाही सोफा बिचारा वाटत होता. ११० × ८० ला सगळं जागेवर आलं. नियम मोडला, पण कागदाने सांगितलं तसं केलं.

आळसोबा :
आमच्याकडे कागद लावून झालाय. बायको म्हणते तोच छान दिसतोय.

तिरकी_रेघ :
शेवटचा अपडेट. दोन महिने गेले, पण झालं!

एका तरुण चित्रकर्तीची स्क्रीनप्रिंट घेतली, थेट तिच्याकडूनच. चाळीसमधली एक. पाच रंग. मातकट लाल अर्धवर्तुळ जिथे निळ्यावर चढतं तिथे केसाएवढी गडद कड आहे, दोन जाळ्या एकमेकींवर किंचित चढल्यात. आधी मला ती चूक वाटली. आता रोज तीच बघायला जाते. कानामात्रा, तुमचं पटलं.

फ्रेम करून घेतली, साधी फिक्या लाकडाची, पट्टी २ सेंमी. फ्रेमवाल्याने माउंटची खिडकी चित्रापुरतीच आखली होती, म्हणजे सही आणि नंबर आत गेले असते. इथे वाचलेलं आठवलं आणि बोट ठेवून थांबवलं. चारी बाजूंनी कागद दिसतो, खाली सहीसाठी थोडा जास्त. त्याने प्रिंट बोर्डवर सपाट चिकटवून देतो म्हणून खूप आग्रह केला, "म्हणजे लाटा येणार नाहीत". मी फक्त वरच्या कडेला बिजागरीसारखी कागदी पट्टी लावायला सांगितली.

निळी_शाई :
बरं केलंत. नंबर घातलेली प्रिंट कधी चिकटवू नये. दमट दिवसांत हलकी लाट येईल, कोरड्या दिवसांत जाईल. कागद आहे तो, श्वास घेणारच.

पाव_इंच :
टांगलंत कसं? दोन कड्यांवर दोन खिळे ना? मध्ये तार घालून एका खिळ्यावर टांगलेलं भौमितिक चित्र दर झाडूला एकेक अंश फिरतं.

तिरकी_रेघ :
दोन स्क्रू, प्लगसकट. सोफ्याची पाठ ८५ सेंमी, त्यावर २० सोडले, म्हणजे चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ वर आला. ठोकण्याआधी फ्रेमच्या मागे दोन कड्यांवर मास्किंग टेप ताणून लावली, भोकांच्या जागी पेनाने खुणा केल्या, आणि तीच टेप भिंतीवर चिकटवून तिथेच ड्रिल मारलं. एका फटक्यात जमलं.

आणि तरी चित्र तिरकं! नवऱ्याने स्पिरिट लेव्हल लावली, बुडबुडा बरोब्बर मध्ये. सोफ्यावर बसून बघितलं की तिरकं. अर्धा तास भांडल्यावर छतापर्यंत मोजपट्टी लावली. फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यापासून छत १०३ सेंमी, उजव्यापासून १०२. आमचं छतच उतरतं आहे! इतकी वर्षं राहतोय, कधी कळलं नव्हतं. पाव_इंच, तुम्ही चित्र चुगलखोर म्हणालात, याने तर भिंतीचीही चुगली केली.

शेवटी उजवी बाजू तीन-चार मिमी खाली घेतली, ना छताला समांतर ना बुडबुड्याला, मधलंच काहीतरी. आता डोळ्याला सरळ दिसतं. नवरा मात्र तेव्हापासून लेव्हल घेऊन घरभर फिरतोय. कपाट तिरकं आहे, स्वयंपाकघराचा ओटा तिरका आहे, दाराची चौकट तर विचारूच नका.

आणि हो, काल त्याने कंपास, पांढरा कॅनव्हास आणि मास्किंग टेपचे तीन रोल आणलेत. म्हणे समोरची भिंत रिकामी आहे.

मधली_सुट्टी :
त्यांना सांगा, टेप लावली की आधी पांढरा हात. काळ्याला हात लावायच्या आधी पांढरा!